ब्रेल्कर आडनावाचा माणूस

गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची मला धास्ती वाटते. शिव्या देणारा परवडला, त्याला निदान मशीन चालू करून हवं असतं. निरंजन नावाचा तो माणूस फोनवर इतका अदबीने बोलत होता की मी मेथी निवडायची थांबले.

आमच्या ह्यांचे हात कायम ऑइलने भरलेले, म्हणून फोन सदा स्पीकरवर. हे म्हणजे नवनाथ कानगुले, एअर कॉम्प्रेसर दुरुस्त करतात. आम्ही मूळचे अहमदपूरकडचे. चाकणला ब्रेल्कर नावाच्या परदेशी कंपनीत हे सर्व्हिसला होते, मग थेरगावात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पण कानगुले हे आडनाव आमच्या आधार कार्डाबाहेर कुणाला ठाऊक नाही. कुठल्याशा स्टोअरकीपरने ह्यांचा नंबर ‘नवनाथ ब्रेल्कर’ म्हणून ठेवला, तोच पुढे सगळ्यांना पाठवला. शेवटी ‘कर’ असल्यावर शंका कोण घेतंय? भिशीतल्या बायका मला ब्रेल्कर वहिनी म्हणतात. एकीने विचारलं, हे ब्रेल गाव कुठे आलं? मी म्हटलं, लातूरच्या पुढे.

माझी भाची योगिनी वाकडला आयटीत आहे. तिने ह्यांना वेबसाइट करून द्यायचं ठरवलं. ‘कानगुले कॉम्प्रेसर’ असं नाव घेऊ, म्हणाली. हे हसले. त्या नावाने मला शोधणार कोण, म्हणाले. मग तिने नुसतं ‘ब्रेल्कर डॉट इन’ टाकून पाहिलं आणि ते चक्क मोकळं होतं. मोकळं होतं, पैसे भरले, कुणी अडवलं नाही, तेव्हा ते आपलं झालं असंच आम्ही धरून चाललो. मला तर फार अभिमान वाटला होता.

काम धो धो वाढलं. रांजणगावापासून लोक साइटवरून नंबर शोधून फोन करू लागले. त्यातच काही फोन असे येत की पलीकडून कुणी बोलायचंच नाही. एकदा समोरच्या फुटपाथवरून एक जण आमच्या ‘ब्रेल्कर’ लिहिलेल्या पाटीचे फोटो काढत होता. मी बाहेर आल्यावर ओळख असल्यासारखा हसला आणि गाडीत बसून गेला.

मग हा निरंजन. चौकशी झाली, ह्यांचं कौतुक झालं, आणि शेवटी त्याने विचारलं, “म्हणजे हे ब्रेल्कर कंपनीचंच सेंटर ना?”

“हो हो,” हे म्हणाले, “आपलीच कंपनी आहे.”

आता यात काय चुकलं? आपल्याकडे चहाच्या टपरीवाल्यालासुद्धा आपलाच माणूस म्हणतात. जिथे उमेदीची वर्षं घालवली ती कंपनी सोडली तरी आपलीच. पण निरंजन “बरं झालं सांगितलंत” म्हणाला आणि फोन ठेवला. त्याने मशीनचा बिघाड सांगितला नव्हता, पत्ताही दिला नव्हता.

ब्रेल्कर कंपनीची नोटीस दिल्लीहून आली. ते बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलं होतं आणि ‘आपलीच कंपनी’चं इंग्रजी करून लिहिलं होतं, की हा इसम आमची कंपनी स्वतःची असल्याचं सांगतो. मोरवाडीचे वकील उद्धवराव ओळखीचे, त्यांच्याकडे गेलो. ब्रेल्करची मशीन दुरुस्त करतो, असं साइटवर आत लिहिलं असतं तर ते निभावलं असतं, ते म्हणाले. पण तुम्ही त्यांच्या नावाची पाटीच दारावर लावली, येणाऱ्याला हे त्यांचंच घर वाटणार. मी तावातावाने म्हटलं, नाव मोकळं होतं. ते म्हणाले, पत्ता मोकळा होता, नाव नव्हतं.

भांडायचं तर दिल्लीला खेटे, आणि तोवर वर्कशॉपला सील लागायची भीती. शेवटी साइट देऊन टाकायची आणि लिहून द्यायचं ठरलं, की ब्रेल्कर हा शब्द पाटीवर, कार्डावर, धंद्याच्या कुठल्याही व्यवहारात स्वतःसाठी वापरणार नाही.

“तोंडीसुद्धा?” ह्यांनी विचारलं.

“तोंडीसुद्धा,” उद्धवराव म्हणाले. “आणि जपून राहा. त्यांची माणसं फोन करत राहतील.”

ह्यांनी सही केली. साइट उघडली की आता त्यांचं पान येतं, त्यांचा नंबर येतो. आमचा फोन क्वचित वाजतो आणि वाजला की दोघंही दचकतो. हे सांगतात, कानगुले बोलतोय. पलीकडचा राँग नंबर म्हणून ठेवून देतो. तो खरंच गिऱ्हाईक होता की त्यांचा माणूस, कळायला मार्ग नाही. मला त्या निरंजनचा इतका राग येतो की झोपेत दात खाते म्हणे.

परवा चाकणच्या एका कारखान्यातून मेंटेनन्सच्या हिंदुरावांचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक, नाव न विचारताच सुरू झाले. कॉम्प्रेसर बंद पडलाय, लाइन थांबलीय, लगेच या. ह्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. मला येताना भोसरीला उतरायचं होतं, म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले.

गेटवर नवा गार्ड होता. नाव विचारलं. “नवनाथ कानगुले,” हे म्हणाले.

त्याने आत फोन लावला. हिंदुरावांचा आवाज बाहेरपर्यंत आला. “कोण कानगुले? मी ब्रेल्करना बोलावलंय. दुसऱ्या कुणाला सोडू नको.”

गार्डने फोन ह्यांच्यासमोर धरला. अगदी सौम्यपणे विचारलं, “साहेब, तुम्ही ब्रेल्कर का?”

मी तोंड उघडलं होतं. ह्यांनी मागे न बघता माझं मनगट दाबलं. हे त्या फोनकडे बघत होते, गार्डकडे नाही. स्वतःच्या खिशातला फोन काढून हिंदुरावांना लावला असता तर काम झालं असतं, पण फोनवर बोलायचीच ह्यांना धास्ती बसली होती.

“नाही,” हे म्हणाले, “तो मी नव्हे,” आणि स्कूटर वळवली.