धुरी दिलेली बाटली

दूध नासू नये म्हणून भांड्याला आतून धुरी द्यायला होक्कोने आपल्या मुलीला, गुम्मातोला, शिकवले. गुम्मातोने एलेमाला शिकवले. आणि एलेमाची मुलगी दारमी आज चुलीपुढे बसून काचेच्या एका बाटलीत धूर भरत होती. बाटलीचे तोंड इतके अरुंद की दुधाच्या भांड्यात टाकतात तसा निखारा आत जाईना. तिने रानजैतुनाच्या लाकडाची बारीक ढलपी पेटवली, फुंकर घालून ज्वाळा विझवली, धुमसती ढलपी आत सोडली आणि रबराचे बूच लावून बाटली मनगटात खेळवली. आत धूर दाटला. मग तिने राख झटकली, बाटली नाकाशी नेली आणि मान हलवली.

बाटलीत आधी थोडे गुलाबी पाणी होते. ते तिने अंगणात ओतून दिले होते.

“आई, ते पाणी सांडायचं नाही असं अदानो बजावून गेला होता,” सून लोको दारातून म्हणाली.

“माझे कान अजून शाबूत आहेत.”

“मग?”

“मग काय? वास घेतलास त्या पाण्याचा? कोणाकोणाच्या हाताखालून आलेली बाटली ती. जिच्यातून मी पाहुण्याला दूध देणार नाही, तिच्यात माझ्या गाईचं काळीज घालून परगावी पाठवू?”

“काळीज नाही, फुफ्फुस.”

“तू वासरं सोड जा.”

अदानो हा सरकारचा पशुधन अधिकारी; याच वस्तीत वाढलेला, दारमीच्या हातचे दूध प्यालेला. खोकल्याने एखादे जनावर दगावले तर त्याच्या फुफ्फुसाचा तुकडा शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, म्हणून तो बाटली आणि बर्फाची पेटी दारमीच्या हवाली करून पुढच्या वस्त्यांकडे गेला होता. दुसऱ्या कोणाकडे ती ठेवायचे त्याच्या मनातही आले नाही. जाताना त्याने सगळ्यांसमोर समजावले होते, “रोग तिथे जिवंत पोचला पाहिजे, आजी. मेला तर सापडत नाही. हे पाणी म्हणजे त्याची वाटेतली शिदोरी.”

“रोगाला शिदोरी?” दारमी म्हणाली होती. “उद्या म्हणशील, त्याला अंथरूणही घाल.”

सगळे हसले होते. अदानोही हसला होता, आणि त्या हसण्यात त्याचे सांगणे विरून गेले होते.

दारमीच्या घरच्या भांड्यांची कीर्ती विहिरीवर पाणी भरणाऱ्या सर्व वस्त्यांत होती. तिच्याकडचे दूध नासत नसे. दुसऱ्याच्या घरी भांडे हाती आले की ती प्यायच्या आधी ते हुंगत असे. आणि धुरी कच्ची वाटली तर एक शब्द न बोलता खाली ठेवत असे. कित्येक नव्या सुना त्या एका हुंगण्याने रडल्या होत्या.

तिने मेलेल्या गाईच्या छातीतून कापून घेतलेला तुकडा बाटलीत घातला. फुफ्फुस बरगड्यांना चिकटून बसले होते आणि सोडवताना पिवळसर पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळले होते. तिने बूच घट्ट केले, बाटली पेटीत ठेवली आणि पेटी लॉरीवाल्याच्या हाती स्वतः दिली.

“उन्हात ठेवशील तर गाठ माझ्याशी आहे,” ती म्हणाली.

लॉरीवाल्याने पेटी आपल्या पायांपाशी, सावलीत ठेवली.

*

सारी विहीर त्या बाटलीच्या उत्तराची वाट पाहत होती. आणि सर्वांत अधिक हालाखे.

खोकला प्रथम त्याच्याच गुरांत दिसला होता. त्याने तो लपवला नाही. पाळीचा बाप जारसो, ज्याच्या शब्दाने कोणाची गुरे कधी पाणी पितील हे ठरते, त्याच्यापुढे उभा राहून तो म्हणाला होता, “हा फुफ्फुसाचा रोग आहे. माझीच गुरं खोकतायत, मी माझीच आधी बाजूला काढतो. पण ज्यांची ज्यांची खोकतात त्यांनीही काढा. एका डोणीत तोंडं घालू देऊ नका. लांब पाणी वाहून पाजू.”

कोरड्या ऋतूच्या ऐन मध्यात, दुसरे पाणी नसताना, हे बोलणे लहान नव्हते. कोणी म्हणाले, धुळीचा खोकला. कोणी म्हणाले, यंदाच्या गवतातच काहीतरी आहे. अखेर प्रयोगशाळा सांगेल ते खरे, असे ठरले.

उत्तर अदानोला फोनवर कळले. विहिरीजवळच्या झाडाखाली, तुपात तळलेल्या कॉफीच्या बोंडांचे ताट फिरत असताना, त्याने ते सांगितले.

“फुफ्फुसाच्या रोगाचे जंतू आढळले नाहीत.”

मग तो दारमीकडे वळला. “आजी, नमुना नीट भरला होता ना? बाटलीत दुसरं काही गेलं नव्हतं?”

“माझ्या भांड्यात दुसरं काही जात नाही,” दारमी म्हणाली.

अदानोने मान खाली घातली. त्या बाईला तो प्रश्न पुन्हा विचारणारा माणूस त्या झाडाखाली नव्हता. लोको मागे बसली होती. तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि पुन्हा सोडले.

“ऐकलंस, हालाखे?” जारसो म्हणाला. “आमच्या गुरांना तहानेनं मारायला निघाला होतास.”

“माझीही तहानेली राहिली असती.”

“तुझी मरायलाच टेकलीयत. एकट्याचं बुडतंय म्हटल्यावर सगळ्यांचं बुडवायचं होय रे?”

“शेजाऱ्याची बायको पळून गेली की आपलीही हाकलावी, तसलं हे,” मागून कोणीतरी बोलले, आणि हशा पिकला.

हालाखे हसणाऱ्यांकडे पाहत नव्हता. तो दारमीकडे पाहत होता. “मावशी, तुम्ही ते फुफ्फुस हातात धरलंत. तुम्ही सांगा. कसं होतं?”

दारमीने शाल सारखी केली. “शहरातली माणसं काच लावून बघतात. मी काय सांगणार?”

या गुराख्यांत पाणी बंद करा म्हणणे हे रक्त सांडण्याच्या खालोखालचे पाप मानतात. जारसोने हालाखेची पाळी काढून घेतली. सर्वांचे झाल्यावर डोणीत जो गाळ उरेल तो त्याच्या गुरांचा. हालाखेने तो गाळ घेतला नाही. दुसऱ्या सकाळी त्याने आपले गुरांचे काटेरी वाडगे जाळले, बायको-मुले आणि खोकणारी गुरे घेतली आणि जिथे गाढवांवरून पाणी आणावे लागते त्या दगडी माळावर तो निघून गेला. जाताना तो दारमीच्या अंगणावरून गेला. नेहमीप्रमाणे तिची ख्यालीखुशाली विचारली, आणि गुरांमागे पुढे झाला.

हालाखेची आई तुमे आणि दारमी एकाच वर्षी या वस्तीत सुना होऊन आल्या होत्या. मोठ्या दुष्काळात दारमीच्या वाडग्यात एकही दुभते जनावर उरले नव्हते आणि तिचा मुलगा ओठ चाटत निजत होता. तेव्हा तुमेने आपली डालाचे नावाची राखाडी गाय दोरीसकट आणून तिच्या खुंट्याला बांधली होती. “दूध तुझं, वेल माझा,” इतकेच ती म्हणाली होती. रीतच तशी आहे. अशा गाईच्या पोटची प्रत्येक कालवड देणाऱ्याची, कितीही पिढ्या उलटल्या तरी. तुमे मरेपर्यंत एकदाही तो वेल मागायला आली नाही. दारमीचे आजचे सारे खिल्लार त्या एका राखाडी गाईचे होते.

*

हालाखे गेल्यावर डोणीवर पुन्हा सगळी गुरे एकत्र तोंडे घालू लागली. पुढे खोकला एका वस्तीचा राहिला नाही. सकाळी विहिरीकडे येणारे कळप दिसण्याआधी ऐकू येऊ लागले. गाई माना लांब करून, पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढून उभ्या राहत आणि प्रत्येक श्वासाला कण्हत. खोल विहिरीच्या पायऱ्यांवर उभे राहून बादल्या वर फेकणारे तरुण गाणी म्हणत असत. गुरे कमी झाली तशी गाणी लवकर संपू लागली. मग म्हणेनाशी झाली.

अदानो पुन्हा आला आणि या वेळी नमुना त्याने स्वतः घेतला. दारमी थोड्या अंतरावर उभी राहून पाहत होती. त्याने ते गुलाबी पाणी उजेडात धरून पाहिले, एक थेंबही न सांडता तुकडा आत सोडला, बूच लावले आणि पेटीतला बर्फ चाचपून पाहिला. लहान मुलाला पाळण्यात ठेवावे तशी त्याने बाटली ठेवली.

“इतकं जपतोस त्याला,” दारमी म्हणाली.

“नाजूक असतो, आजी. बाहेर जरा ऊन, जरा धूर, जरा काही लागलं की मरतो. गाईच्या छातीत मात्र मरत नाही.”

दारमी परत घरी आली. चुलीपाशी दुधाची भांडी उपडी मांडलेली होती. तिने त्यांतले एक उचलले, हुंगले, आणि बराच वेळ हातात धरून बसली. त्या दिवशी भांड्यांना धुरी लोकोने दिली.

या वेळच्या उत्तरासाठी झाडाखाली माणसे जमली तेव्हा कॉफीचे ताट नव्हते.

“फुफ्फुसाचा रोगच आहे,” अदानो म्हणाला. “पहिल्या वेळीही तोच असणार. नमुना वाटेत खराब झाला. लॉरीवाल्यानं पेटी उन्हात ठेवली असेल, दुसरं काय.”

“त्याला यापुढे आपल्या रस्त्यानं येऊ देऊ नका,” जारसो म्हणाला. माणसांनी माना डोलावल्या. कोणी लॉरीवाल्याच्या आईचा उद्धार केला.

दारमी उठली. तिला उठताना कोणाचा हात लागत नसे; आज तिने लोकोचा खांदा धरला.

“अदानो, तुझ्याकडे कोरी बाटली आहे?”

“आहे, आजी.”

“दे.”

तिने बूच काढले आणि गुलाबी पाणी सर्वांच्या देखत जमिनीवर ओतले. मग झाडाखालच्या शेकोटीतून एक ढलपी उचलली, फुंकली, आत सोडली, बूच लावले आणि मनगटात बाटली खेळवली. होक्कोने गुम्मातोला शिकवले होते तशीच. बाटलीत धूर दाटला. तिने राख झटकली आणि बाटली अदानोच्या हातात दिली.

“लॉरीवाल्यानं पेटी सावलीत ठेवली होती,” ती म्हणाली. “मी पाहिलं होतं.”

अदानोने बाटली नाकाशी नेली आणि लगेच खाली केली. जारसो आपल्या काठीच्या टोकाकडे पाहत राहिला. विहिरीकडून एका गाईचा खोकला आला आणि थांबला.

“हालाखेला बोलावणं पाठवा,” शेवटी जारसो म्हणाला.

“बोलावणं कसलं पाठवतोस?” दारमी म्हणाली. “जिला जायचं आहे ती जाईल.”

*

दारमीचा मुलगा ज्यांना घेऊन दूरच्या डोंगरावर राहत होता, ती दूध न देणारी गुरे आणि कालवडी पावसाळ्यापासून विहिरीवर आलेली नव्हती. वस्तीत उरलेली धडधाकट अशी तेवढीच. दारमीने अदानोला तिकडे नेले. एकेका जनावराचे रक्त त्याने नळ्यांत घेतले. ती पेटीवर सावली धरून उभी होती आणि नळ्यांना तिने बोट लावले नाही. रक्त निर्दोष असल्याचा निरोप आला तेव्हा तिने मुलाला सांगितले, “सगळी हाक.”

“सगळी? आई, आपल्याला मग राहिलं काय?”

“ही कोणाच्या पोटची, ते तुला ठाऊक आहे. तू कोणाच्या दुधावर वाचलास, तेही.”

दगडी माळावर हालाखेचे वाडगे रिकामे होते. त्याची शेवटची गाय केव्हाच पुरून झाली होती. तो कुंपणाच्या काट्यांपाशी उभा राहिला आणि कळप येताना पाहत राहिला.

दारमी वाडग्याच्या तोंडाशी थांबली. एकेक जनावर आत जाताना तिने काठीने त्याच्या पाठीला स्पर्श केला आणि त्याची आई, आजी, पणजी मोठ्याने सांगितली. प्रत्येक नावाची ओळ डालाचेपाशी येऊन थांबत होती. कालवडी संपल्या, मग गाभण गाई, शेवटी एक म्हातारी, शिंग मोडलेली. तीही आत गेली. बाहेर दारमी आणि तिची काठी उरली.

“आईनं मागितलं नव्हतं, मावशी,” हालाखे म्हणाला.

“म्हणूनच इतकी वर्षं लागली.”

“आणि तुम्ही?”

“माझी दुभती विहिरीवर होती,” ती म्हणाली. “ती तुझ्या आईचीच होती. ती मी मारली. ही उरली होती.”

हालाखेने काट्यांची फांदी ओढून वाडग्याचे तोंड बंद केले. त्याची बायको झोपडीतून मुळांच्या तंतूंनी घट्ट विणलेल्या भांड्यात शेळीचे दूध घेऊन आली आणि दारमीपुढे धरून, जमिनीकडे पाहत, वाट बघत उभी राहिली. लग्न होऊन आली त्या वर्षी तिचे भांडे याच बाईने न पिता खाली ठेवले होते.

दारमीने भांडे दोन्ही हातांत घेतले. ते न हुंगता तिने तोंडाला लावले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.