ओल्या अंगावर रंग नको

‘मोठ्यांनी ठरवलं की ठरलं. का म्हणून विचारायचं नाही.’ या घरातला हा नियम माझ्या अंगावर पहिला गिलावा चढत होता तेव्हाच माझ्या कानावर पडला. मी कोण? मी मागच्या खोलीतली, न्हाणीघराला लागून असलेली भिंत बोलतेय.

तशी मी जुनी, पण अंगावरचं सगळं नवं. आतला पाइप गळून माझा आधीचा गिलावा काळ्या बुरशीने खाल्ला होता. माझ्याच कडेला थोरल्या ताईच्या बाळाचा पाळणा असायचा. बाळाच्या छातीत घरघर सुरू झाली, तेव्हा कुठे घराला जाग आली. ताई बाळाला घेऊन दुसरीकडे राहायला गेली, पाइप बदलला आणि गवंड्याने मला विटांपर्यंत सोलून काढलं.

नवा गिलावा झाला. त्याला तडे जाऊ नयेत म्हणून ताईच्या धाकट्या बहिणीने आठवडाभर दोन्ही वेळा माझ्यावर पाणी मारलं. मग खिडक्या सताड उघडून मला वाळायला सोडलं. गवंडी बजावून गेला होता, “महिनाभर हिला रंग लावू नका.” महिनाभर! माझा स्वभाव मुळात उतावळा. नुसतं उभं राहून वाळायचं म्हणजे काय वैताग असतो, ते मलाच माहीत. पण आतली ओलही मलाच माहीत होती.

बाराव्या दिवशी काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आले. “रविवारी ताई येतेय, चार माणसं बाळाला बघायला येतील. ही असली बोडकी भिंत दाखवायची?” मी लवकर वाळावी म्हणून त्यांनी माझ्यासमोर झगझगीत, तापणारा दिवा आणून ठेवला. दोन दिवसांत माझा चेहरा पांढराफटक पडला. पोटातलं पाणी मात्र पोटातच. त्यावर रंग बसला, की ते जाणार कुठून? पुन्हा फुगवटे, पुन्हा बुरशी आणि शेजारी पुन्हा तोच पाळणा.

काकांनी बोलावलेल्या रंगाऱ्याने माझ्यावर तळहात फिरवला. “वरून तरी कोरडी लागतेय.”

“बघ!” रंग नको म्हणणाऱ्या धाकटीला बाबा म्हणाले.

“वरून तर काकाही शांत दिसतात,” धाकटी म्हणाली. रंगारी उगाचच खोकला.

“जीभ फार चालते हिची. कॉलेजात हेच शिकवतात का?” काका तडकले.

तिने वाद वाढवला नाही. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून माझ्यावर घट्ट बसवला. “उद्या सकाळी याच्या आत पाणी दिसलं नाही, तर मी स्वतः ब्रश धरते.”

मला तोंड नाही. होती नव्हती तेवढी ओल मी त्या तुकड्याखाली लोटली. रंगवायला निघालेल्या माणसांनो, एकदा आतलंही विचारत जा!

सकाळी सगळे जमले. प्लास्टिकच्या आत टपोरे थेंब लोंबत होते. धाकटीने पट्टी ओढली आणि एक ओघळ थेट फरशीपर्यंत गेला.

तरीही काकांनी प्रायमरचा डबा पुढे ओढला. “एवढीशी तर ओल आहे. पाहुण्यांना मी काय सांगू?”

धाकटी त्या डब्यावरच बसली.

“भिंत ओली आहे, असं सांगा. ती वाळेपर्यंत रंग नाही, पाहुणे नाहीत आणि बाळ तर या खोलीत मुळीच येणार नाही. मी उठणार नाही, काका.”

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्यावरचा तो ओघळ बघत होते. मग त्यांनी तो दिवा बंद केला आणि खिडक्या पुन्हा सताड उघडल्या.