माझ्यावर मात्र कुणाचा संशय नाही

रविवार, सकाळचे सहा चाळीस. मला तिसऱ्यांदा बाहेर ओढलं, फडक्यानं पुसलं, आत घातलं आणि पुन्हा काढलं. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. तरी भोवतीच्या पाच जणांपैकी एकाच्याही चेहऱ्यावरचा संशय गेला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, इंजिनातलं तेल मोजायची. गॅरेजात मला डिपस्टिक म्हणतात. माझ्या टोकाला दोन खुणा आहेत. तेल खालच्या खुणेशी आलं की कमी, वरच्या खुणेला लागलं की पुरेसं.

माझा जन्म एका मालवाहू टेम्पोसाठी झाला. नऊ वर्षं मी त्याची इमानानं चाकरी केली. ड्रायव्हर रोज मला बघून म्हणायचा, "ही कधी खोटं बोलत नाही." टेम्पो भंगारात गेला, तेव्हा मिस्त्रीनं मला डब्यात टाकलं. तिथे गंजक्या स्क्रूंच्या संगतीत किती वर्षं गेली, मोजली नाहीत.

मग ही लाल स्पोर्ट्स कार आली. बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मालकाच्या मुलीनं आणि मिस्त्रीनं सात महिने खपून तिचं इंजिन पुन्हा जोडलं. तिची मूळ पट्टी हरवली होती. मी नळीत घट्ट बसले, म्हणून पुढे कुणी चौकशी केली नाही.

पण मी त्या मूळ पट्टीपेक्षा दोन बोटं लांब आहे. जास्त खोल बुडते. तेल कमी असलं, तरी माझ्यावर पुरेसं दिसतं.

गेल्या आठवड्यात वळणावर गाडीतला, तेल कमी पडल्याचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकला. आज सात वाजता मुलगी गाडी घेऊन घाटात निघणार आहे. वडिलांनी तिला बजावलंय, "इंजिन जाम झालं, तर गाडी थेट भंगारात. पुन्हा खोलायचं नाही."

"ही इंजिनं पहिल्यापासूनच दगाबाज," शेजारचे कर्नल म्हणाले. ते सैन्यात कधीच नव्हते. नाव मिशांमुळे पडलं.

"आणि तुमची गाडी ढकलायला कोण आलं होतं?" मुलीच्या मामांनी विचारलं.

"ती बॅटरी होती हो!"

"काका, तेलाचा पंप तर गेला नसेल?" मुलीनं मिस्त्रीला विचारलं.

"नवा टाकलाय, ताई. दिव्याची वायर बघावी लागेल."

वडिलांनी कोपऱ्यातला तेलाचा डबा उचलून हलवला. "पुस्तकात पाच लिटर लिहिलंय. डबा पाचाचाच. मग हे दीड लिटर उरलं कसं?"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "साहेब, पट्टी बघूनच ओतलं."

"मग बरोबरच असणार," मामा म्हणाले. "भाऊजी, तुम्ही उगाच वेळ घालवताय."

पंपावर संशय, वायरवर संशय, भल्या मिस्त्रीवरही संशय. मला मात्र पुसलं आणि मान डोलावली.

मित्रांनो, एक मागणं आहे. ज्या मापानं सगळं तपासता, ते मापही कधी तपासत जा. माझ्या कडीखाली टेम्पोचा नंबर कोरलेला आहे. नखानं मळ खरवडला, तरी वाचता येईल.

सहा छप्पन. मला आत सारलं, बॉनेट खाली आलं. घाट अकरा किलोमीटरवर आहे. फटीतून शेवटचं दिसलं ते एवढंच, वडिलांनी तो डबा अजून खाली ठेवला नव्हता.

इंजिन सुरू झालं आहे.