प्रतिमाकाकूंचं पान

पुस्तक प्रतिमाकाकूंच्या जबड्यावर बसलं ते नेमकं कोपऱ्यानं. घानाच्या एका लेखिकेची चारशे पानांची कादंबरी, कडक पुठ्ठ्याची. नवऱ्यानं, डॉक्टर दिगंबरांनी, नेम धरून फेकली होती. चाळीस वर्षं लोकांची हृदयं दुरुस्त करणारा हा माणूस घरात असाच हात चालवायचा. काकूंची दाढ हलली.

अमेरिकेतल्या त्यांच्या कॅरी गावच्या लायब्ररीत आफ्रिकन लेखिकांच्या पुस्तकांचा सोहळा होता. तिथली रीत अशी, की प्रत्येकीनं आवडत्या कादंबरीतलं एक पान आपापल्या भाषेत वाचायचं. ऐकणाऱ्यांच्या हातात इंग्रजी छापील प्रत. काकूंनी महिनाभर खपून जे पान मराठीत आणलं होतं, त्यात नवरा बायकोला मुसळानं मारतो. डॉक्टरांनी बजावलं, बाजाराचं वर्णन वाच, मराठी मंडळाची माणसं येणार आहेत. काकूंनी मान डोलावली. पण एकदा तरी कुणाला तरी कळायला हवं होतं, नाहीतर हा माणूस आपल्याला मारून टाकील आणि शोकसभेत भाषणही करील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी डॉक्टर सूट घालून पहिल्या रांगेत. मंडळाची सेक्रेटरी गिरिजा त्यांना म्हणाली, "काका, काकूंना तुमचा किती सपोर्ट आहे." काकूंना तिचा राग आला नाही. जबड्यावर मेकअपचा थर होता, दंडांवरचे मंगळवारचे वळ बाह्यांत झाकलेले. तिला बिचारीला दिसणार काय?

काकूंनी मुसळाचंच पान काढलं. त्यातल्या नवऱ्याच्या जागी नाव घेतलं, दिगंबर. मुसळाच्या जागी गोल्फची काठी. घानातल्या गावाच्या जागी कॅरी, आणि वार मंगळवार.

साठ माणसांत मराठी कळणारी चौदा. चौदाही माना खाली गेल्या. कुणी जागचं हललं नाही.

डॉक्टर आधी हसले. मग तरातरा व्यासपीठावर चढले, कागद हिसकून फाडले आणि काकूंच्या त्याच जबड्यावर दोनदा ठेवून दिली. काकू टेबलावर आदळल्या. बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं, मारणं कळलं. दोघांनी डॉक्टरांना खाली पाडून धरलं, लायब्ररीतल्या बाईंनी पोलिसांना फोन लावला.

काकूंनी रुमालात रक्त थुंकलं. त्यात दाढ होती. गिरिजा धावत आली, रडत म्हणाली, "काकू, चला, हॉस्पिटलला जाऊ."

"थांब," काकू म्हणाल्या. "पान राहिलंय."

कागदाचे तुकडे पायाशी पडले होते, पण पान तोंडपाठ होतं. काकूंनी ते पहिल्या ओळीपासून म्हणायला घेतलं. या वेळी चौदाही माना वर होत्या.