भोंग्याच्या आवाजाची कॅसेट

भोंगा जाऊन महिना होत आला, तेव्हा त्याच्या आईनं निरोप पाठवला की मला त्याचं एक गाणं ऐकायचंय. एवढंच. पंचाईत अशी, की त्याचं गाणं आमच्याकडे नव्हतं.

आमचा बँड चौघांचा. भोंगा गायचा. दिवसभर हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून मजल्यांचे आकडे पुटपुटणारा हा माणूस संध्याकाळी असा काही सुटायचा, की त्याला दुसरं नाव ठेवताच आलं नसतं. वायरमन गिटार वाजवायचा. सुतारानं माणसाएवढा उभा बास स्वतःच्या हातानं बनवला होता आणि त्याच्या तारा तो पंजानं फटकावायचा. ड्रमवर मी. मी गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढतो, म्हणजे ठोकणं हाच माझा धंदा, कामावरही आणि कामानंतरही. ब्लूजचं रडणं, रॉकबिलीची उडी आणि पंकचा संताप आम्ही एकाच भांड्यात घोटला होता. अंडरग्राउंड बँड म्हणजे काय असं कुणी विचारलं, की आम्ही छापखान्याचा जिना दाखवायचो. एकवीस पायऱ्या उतरलं की तळघर, आणि तळघरात आम्ही.

पोस्टर नाही, जाहिरात नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच नाही. दाराशी एक बादली असायची. येणाऱ्यानं आपला फोन तिच्यात टाकायचा आणि मगच आत यायचं. नियम भोंग्याचा. ज्याला ऐकायचंय त्यानं पायऱ्या उतराव्यात, म्हणायचा. आम्हीही माना डोलावल्या, कारण असल्या गोष्टींचा एक माज असतो. त्याच्या आईचे गुडघे दहा वर्षांपूर्वीच कामातून गेलेत, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही. घरी तर शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून तो गुणगुणतसुद्धा नसे.

मग एका सकाळी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये त्याचं हृदय बंद पडलं. वर डॉक्टर, खाली डॉक्टर. अडतीस वर्षांचा होता. मला अजून त्या लिफ्टचा राग येतो. दुसऱ्या कुणावर काढणार?

नियम मी एकट्यानंच मोडला होता, चोरून. माझ्या स्टुलाखाली एक जुना टेपरेकॉर्डर दडवलेला असायचा. माझा हात कुठे घसरतो ते मला घरी जाऊन ऐकायचं असायचं, बाकी कुणाशी देणंघेणं नव्हतं. निरोप आल्यावर मी त्या एकोणीस कॅसेटी काढल्या आणि दोन दिवस खाणंपिणं सोडून ऐकल्या. सगळीकडे मीच. धडाधड, धडाधड. मागे कुठेतरी तिसऱ्या घरात कुणी भांडावं तसा भोंगा. शब्द एक कळेल तर शपथ. गाणं संपल्यावर तो काहीतरी बोलायचा, हसायचा, पण टेप वाचावी म्हणून मी तेवढ्यात बटण दाबलेलं. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं.

वायरमनला आणि सुताराला सांगितलं. मग सुतारच म्हणाला की वायरमन भोंग्याची नक्कल हुबेहूब करतो. खरंच करायचा, वर्षानुवर्षं मागचा आवाज तोच देत होता. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार, असं कोण म्हणालं ते मी सांगत नाही. रविवारी दुपारी आम्ही तळघरात उतरलो, माझ्या ड्रमवर चादर टाकली आणि वायरमन भोंग्याच्या माइकसमोर उभा राहून भोंग्यासारखा गायला. इतका जमला की सुतारानं तोंड फिरवलं.

ती भरलेली कॅसेट घेऊन आम्ही भोंग्याच्या घरी गेलो. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, आम्हाला पलंगावर बसवलं आणि स्वतः खुर्ची टेपजवळ ओढली. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात मांडीवरून हलवले नाहीत. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच त्यांनी विचारलं,

"तुमच्यातलं कोण गायलं हे?"

सुतार माझ्याकडे बघायला लागला, मी वायरमनकडे. शेवटी वायरमनलाच रडू फुटलं. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"छान गातोस रे. पण अडतीस वर्षं ऐकलंय मी त्याला. झोपेत बरळताना पण ऐकलंय."

मग मी सगळं ओकून टाकलं. बादली, स्टूल, एकोणीस कॅसेटी, सगळं. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून फरशीकडे बघून बोललो. त्यांनी मला एकच विचारलं.

"तू ते भरत होतास तेव्हा तो त्या खोलीत होता ना?"

"होता."

"मग तेच आण."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला दांडी मारून मी एकटाच गेलो. त्यातल्या त्यात बरी कॅसेट नेली होती. बरी म्हणजे माझा हात कमी घसरलेली, दुसरं कुठलं माप माझ्याकडे नव्हतंच. काकूंनी कान जवळजवळ स्पीकरला लावला. ठोकाठोक सुरू झाली, त्या छोट्या खोलीत अगदी असह्य. डोळे मिटून त्या ठोकाठोकीच्या मागचं काहीतरी शोधत होत्या, आणि मी पलंगाच्या कडेवर बसून मनातल्या मनात त्या दिवशीच्या मला म्हणत होतो, थांब रे, एक क्षण तरी थांब.

त्यांनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं.

"इथे गातोय का तो?"

"हो काकू."

त्यांनी आणखी थोडा वेळ ऐकलं. आवाजात राग नव्हता, भाजीत मीठ जास्त झालं तर सांगावं तसं म्हणाल्या,

"मग तू जरा हळू नाही का वाजवायचं?"