सात नंबरची नळी

माझ्या वाट्याला सात नंबरची नळी आली होती. तिच्यात एकाच जातीचे जिवाणू. त्यांचा रंग आणि आकार चार वाजेपर्यंत लिहून द्यायचा. चुकलं की सूक्ष्मजीवशास्त्रात दुसऱ्यांदा नापास, आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमातली जागा कायमची गेली. अकरा वर्षं थंडर बे गावातल्या वृद्धाश्रमात मलमपट्ट्या करतेय. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोण दारात उभं करणार?

सकाळपासून तीन काचपट्ट्या रंगवल्या. पहिलीत जांभळे गोळे. दुसरीत गुलाबी काड्या. तिसरीत दोन्ही, लग्नात दोन्हीकडची मंडळी बसावी तशी. डोकंच चालेना.

"काय दिसतंय, मावशी?" शेजारच्या बाकावरचा ब्रोडी म्हणाला. त्याचं कधीच आटपलं होतं.

"सगळंच दिसतंय. तेच तर रडगाणं आहे."

"जांभळं लिहा आणि मोकळ्या व्हा. अर्ध्या वर्गाचं जांभळंच आलंय."

"अर्ध्या वर्गाची नळी माझी नाही. गप बस."

चौथ्यांदा सुरुवात केली. जिवाणू उचलायचं तारेचं कडं लाल होईपर्यंत ज्योतीत धरलं, नळीतले जिवाणू काल पेरून वाढवलेल्या बशीचं झाकण उचललं.

"नोरीन!" कोवालचुक मॅडम ओरडल्या. "आत्ता काय केलंत?"

"कुठं काय? कडं तापलं होतं, फुंकर मारली."

"रोज मारता?"

"मग! गरम कड्यानं जिवाणू मरतील ना."

ब्रोडी फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "अहो, तोंडातले जंतू त्या बशीत पेरताय तुम्ही. कडं आपोआप निवू द्यायचं असतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी बशी वाढायला एक दिवस लागतो आणि माझ्या हातात दोन तास होते.

"मग यातले माझे कोणते आणि नळीतले कोणते?"

"ते तुम्ही शोधायचं," म्हणून त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. असा राग आला! निदान माझे कोणते ते तरी बघू. मग टूथपिक घेतली, गालाच्या आतून खरवडलं आणि तेच रंगवलं.

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या गोळ्यांच्या माळा दिसल्या, अगदी बशीतल्यासारख्या. गुलाबी काडी शोधून सापडेना.

कागदावर लिहिलं: गुलाबी काड्या. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: जांभळे गोळे माझ्या तोंडातले, मी फुंकर मारत होते.

मॅडमनी आपली यादी पाहिली. "बरोबर. झालात पास. आणि ती खालची ओळ खोडू नका."

"पार्टी, मावशी!" ब्रोडीनं बाकावर थाप मारली. मी नाचायलाच हवं होतं. पण मला वृद्धाश्रमातल्या लाहतिनेन आजी दिसत होत्या. त्यांच्या टाचेची जखम तीन महिने भरत नाहीये. पट्टी बदलताना औषध झोंबतं म्हणून मी दर वेळी हळूच फुंकर घालते. आजी म्हणतात, तुझ्याइतकं मायेनं कुणी करत नाही.

बाहेर येऊन वृद्धाश्रमात फोन लावला. "आजींच्या टाचेबद्दल सांगायचंय," मी म्हणाले. "पट्टी बदलताना मी जखमेवर फुंकर मारत होते."