वाघिणींच्या येरझाऱ्या

रेल्वेच्या मालडब्याला आपल्या भाषेत वाघीण म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याने यार्डात पडून राहिलेली वाघीण बहुधा पाहिली नसावी. तिच्यापेक्षा तिच्याखाली झोपलेलं मांजर जास्त हालचाल करतं.

मुख्य कचेरीला हे पडून राहणं खुपू लागलं. उभी वाघीण कमावत नाही. तेव्हा जिथे जास्त वाघिणी उभ्या, ते यार्ड बंद, असं ठरलं. यार्डमास्तरांना हे जेवताना कळलं, आणि तेही मेहुण्याकडून. मेहुणा मुख्य कचेरीत धंद्याच्या भवितव्याचे अहवाल लिही. त्याच्या स्वतःच्या भवितव्याबद्दल मात्र घरात कुणी फारसं बोलत नसे.

"भावोजी, तुमचं यार्ड यादीत खालून पहिलं आहे."

"म्हणजे साहेबांनी कागद उलटा धरला तर आम्हीच वर," मास्तर म्हणाले.

"अहो, थट्टा पुरे," बायकोने वाढता वाढता डाव आपटला. "यार्ड गेलं की हे क्वार्टर गेलं. माझी शिवणाची गिऱ्हाइकं गेली. या वयात परगावी जाऊन कुणाची मापं घेऊ?" मग ती भावाकडे वळली. "उभी म्हणजे काय रे तुमच्यात?"

"काल होती तिथेच आज असली, की उभी."

"मग सरकवा की! पाहुणे यायचे असले की मी खुर्च्या सरकवते. झाडल्यासारखं दिसतं."

मास्तर पापभीरू होते, पण पापापेक्षा बदलीला जास्त भीत. दुसऱ्या दिवसापासून इंजिन साऱ्या वाघिणींना एका डब्याइतकं पुढे ढकलू लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तितकंच मागे. कागदोपत्री यार्डाला पाय फुटले. मुळात इंजिन एकच, त्यामुळे माल उतरवणं तेवढं राहून गेलं.

सिमेंटचा व्यापारी तणतणत आला. "मास्तर, माझं सिमेंट रोज मालधक्क्यासमोरून जातं. आज इकडून तिकडे, उद्या तिकडून इकडे. हात केला तरी थांबत नाही!"

"थांबायला बंदी आहे."

"अहो, पिंजऱ्यातल्यासारख्या येरझाऱ्या घालतेय ती! आत सिमेंटचा दगड होईल."

"झाला तरी हलता दगड असेल," मास्तर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तिमाही संपल्यावर मेहुणा आला.

"भावोजी, तुमचं यार्ड पहिलं आलं. वरून."

"मग तोंड का पाडलंयस?" बहिणीने विचारलं.

"जिथे वाघिणी थांबतच नाहीत तिथे यार्ड कशाला, असं साहेबांचं म्हणणं पडलं. गाड्या परस्पर पुढे नेणार." तो ताटात बघत राहिला. "म्हणजे, वाक्य माझंच होतं, ताई. मी कौतुक म्हणून लिहिलं होतं."

"म्हणजे थांबल्या तरी बंद आणि हलल्या तरी बंद," ती मास्तरांकडे वळून म्हणाली. "मग त्या सिमेंटवाल्याला तरी कशाला छळताय?"

सकाळी इंजिनाच्या ड्रायव्हरने सवयीने विचारलं, "साहेब, आज पुढे की मागे?"

"सिमेंटची वाघीण धक्क्याला लाव. बाकीच्या राहू देत. दमल्या असतील."

हमालांनी दिवसभर पोती उतरवली. तळातली काही खरंच दगड झाली होती. व्यापाऱ्याने ती मास्तरांना मोजून दाखवली आणि बाकीची घेऊन गेला. जाताना दरवाजाशी थांबून नमस्कारही केला. तिमाहीत यार्डाला मिळालेला तो पहिलाच.

संध्याकाळी कारकून लेखणी तोंडात धरून उभा होता. "साहेब, ही सिमेंटची दिवसभर धक्क्यावरून हलली नाही. काय लिहू?"

"उभी."

"पण मग वर..."

"लिही रे. पळत्या वाघिणीतून पोती कशी काढायची, ते वरून कळवतील तेव्हा बघू."

क्वार्टरच्या खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. बायको गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे घाईने पुरे करत होती.